भांड्यांवरची नावे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढण्याचे ठरले, तेव्हा चिटणीसबाईंनी मलाही एक लेख देण्याची आज्ञा केली. मी काही लेखिका नव्हे. राजूरच्या बहुतेक बायकांप्रमाणे माझेही आयुष्य चूल, मुले आणि कोळशाची धूळ झाडण्यात गेले. कशावर लिहावे या विवंचनेत असतानाच मंडळाचे भांड्यांचे कपाट आवरण्याची पाळी मजवर आली, आणि विषय आपोआप हाती आला.

हे कपाट आपण सर्वजणी जाणतो. बारसे, मंगळागौर, तेरवी, काहीही असो, गल्लीतल्या माणसाने यावे, वहीत सही करावी आणि परात, गंज, कोपर, पेले मोजून घेऊन जावे. त्या दिवशी चिंच लावून एकेक भांडे उजळताना मी त्यांच्या काठावरची ठिपक्यांची अक्षरे वाचू लागले. कोठे ‘कै. मातोश्रींचे स्मरणार्थ’, कोठे ‘चि. सौ. कां. हिस मामाकडून’, कोठे नुसते एका बाईचे नाव आणि शके. त्यातल्या कित्येकजणी मी पाहिल्या होत्या. कित्येकींची मात्र आज कोणास आठवणही नाही. तरी परातीच्या काठावर त्या जशाच्या तशा बसलेल्या आहेत. तेव्हा मनात आले की, भांडी आणि दागिने घडविणाऱ्या कारागिरांनी आपल्या बायकांचा केवढा इतिहास धातूवर उतरवून ठेवला आहे! त्या इतिहासाविषयी चार शब्द लिहावे, आणि माझ्या हातून त्याचा एक तुकडा कसा नाहीसा झाला, तेही सांगावे, असे ठरवून लिहीत आहे.

प्रथम हे कारागीर कोण, ते पाहू. आपण सरसकट ‘भांडेवाला’ म्हणून मोकळ्या होतो. परंतु ज्याची त्याची विद्या निराळी. तांब्याचा पत्रा ठोकून भांडे उठवितो तो तांबट. काशाचा आणि पितळेचा व्यवहार करतो तो कासार. हा शब्द ‘कांस्यकार’ यावरून आला. बांगड्या भरणाऱ्यासही आपण कासारच म्हणतो, म्हणून हा खुलासा. तांबे आणि जस्त मिळून पितळ होते. तांबे आणि कथील मिळून कासे. तळपायास तूप चोळावयाची काशाची वाटी पूर्वी घरोघर असे, ती याच कासाराच्या हातची. सोन्यारुप्याचे काम करतो तो सोनार. आणि आपल्या या भागात चौथा एक कारागीर आहे, तो म्हणजे वोजारी. त्याच्याविषयी पुढे सांगेन.

तांबटाचे काम पाहणे हा एक सोहळाच असतो. पत्र्याची गोल चकती कापावयाची, ती भट्टीत लाल करून विझवावयाची आणि लोखंडी खरवईवर धरून ठोकू लागावयाचे. ठोकता ठोकता तांबे ताठर होते, तेव्हा ते पुन्हा भट्टीत घालून मऊ करावयाचे, पुन्हा ठोकावयाचे. असे होता होता सपाट चकतीतून घागरीचे पोट वर येते. शेवटी चिंचेच्या पाण्याने मळ काढून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने रांगेने ठोके देतात. त्यास मठारणे म्हणतात. ते अंगभर चमकणारे ठोके आपणास नक्षीसारखे दिसतात. पण त्यांनी भांड्यास बळकटीही येते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी या कामासाठी प्रसिद्ध आहे. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेली त्वष्टा कासार घराणी तेथे वसली. विदर्भात पितळेच्या भांड्यांचे नाव काढले की भंडारा आठवावे. आपल्याकडच्या लग्नांत ‘भंडाऱ्याचा गुंड’ म्हटले म्हणजे पुढे काही विचारावयाचे कारण नसे.

हा गुंड एका पत्र्याचा नसतो. बूड, पोट आणि गळा निरनिराळे घडवून डाख देऊन सांधतात. जुना गुंड घरात असेल त्या भगिनींनी पोटावर पाहावे. एकमेकांत गुंतविलेल्या दातांसारखी एक रेघ सापडेल. तोच सांधा. कारागिराची सही म्हणा ना!

या सर्व कारागिरांत एक गोष्ट सारखी होती. कागदावर चित्र काढून कोणी काम करीत नसे. गळा किती रुंद, खांदा कोठे वळावा, पाटलीवरचे पान केवढे, हे सारे बापाच्या हाताकडे पाहून मुलाच्या हातात आलेले. आणि करून घेणारी बाईही आठवणीनेच सांगावयाची. माझी आई वणीच्या एका सोनाराकडे गेली होती, तेव्हा मी बरोबर होते. आईच्या आईच्या पाटल्या दुष्काळात विकल्या गेल्या होत्या, आणि तिला तशाच पाटल्या हव्या होत्या. नमुना मुळीच नव्हता. ती डोळे मिटून सांगू लागली, “कडेला गव्हासारखे दाणे होते, मधे वेल होता, आणि वेलाचे तोंड सापासारखे वळले होते.” म्हाताऱ्या सोनाराने ऐकून घेतले आणि म्हणाला, “बाई, तो वेल माझ्या बापाच्या हातचा. मला येतो.” त्याने बागेसरी पेटविली, मुशीत सोने घातले आणि फुंकणी तोंडाला लावली. जंतरातून तार ओढण्याचे काम त्याचा नातू करीत होता. पंधरा दिवसांनी पाटल्या आल्या. आईने त्या हातात घालून बराच वेळ काही न बोलता पाहिल्या. आजीच्या पाटल्या मी कधी पाहिल्या नाहीत, तरी त्या कशा होत्या हे मला ठाऊक आहे; ते या दोघांच्या आठवणीमुळे.

आता वोजाऱ्याकडे वळू. आपल्या वणी तालुक्याच्या दक्षिणेस पैनगंगा ओलांडली की पूर्वीचा आदिलाबादचा मुलूख लागतो. १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यात होता आणि आपण मध्यप्रदेशात. तथापि गोंड आणि कोलाम बांधवांची वस्ती दोन्ही काठांवर एकच. या गोंडांची कडी, घुंगरे, समया आणि देवांच्या प्रतिमा ओतून देणारे ते वोजारी. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाच्या विद्वानाने १९४० नंतरच्या वर्षांत आदिलाबादच्या गोंडांत राहून त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. तो १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही या ओतकाम करणाऱ्यांची नोंद आहे.

वोजाऱ्याची रीत ऐकण्यासारखी आहे. आधी मातीचा गाभा करावयाचा. मेणात राळ मिसळून त्याचे शेवयांसारखे दोरे काढावयाचे आणि ते गाभ्यावर गुंडाळून सारी नक्षी मेणातच उठवावयाची. त्यावर मऊ मातीचा लेप, मग जाड मातीचा लेप. वाळल्यावर साचा तापवला की मेण वितळून निघून जाते, आणि त्याने सोडलेल्या पोकळीत पितळेचा रस ओततात. निवाल्यावर साचा फोडावयाचा. साचा फुटला म्हणजे तसे दुसरे कडे पुन्हा नाही. जोडीतले दुसरे कडेही नव्याने मेण गुंडाळून करावे लागते, म्हणून ते पहिल्याच्या सख्ख्या बहिणीसारखे दिसते. जुळ्या बहिणीसारखे नव्हे. उशेगाव वगैरे गावी ही कला अजून चालू आहे, आणि ‘आदिलाबाद डोकरा’ या नावाने तिला २०१८ मध्ये सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले.

ही रीत किती जुनी असावी? मोहेंजोदडो येथे १९२६ मध्ये सापडलेली नर्तकीची मूर्ती सर्वांनी शालेय पुस्तकात पाहिली असेल. साडेदहा सेंटिमीटर उंचीची ती मूर्ती याच मेणाच्या रीतीने ओतलेली आहे, आणि तिला सुमारे साडेचार हजार वर्षे झाली. तिच्या अंगावर वस्त्र नाही. पण डावा हात खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला आहे! घडविणाऱ्याने कोणाची तरी आठवण मनात ठेवूनच तो हात भरला असेल, असे मला नेहमी वाटते.

एवढे दूर कशास जावे? आपल्या विदर्भातच नागपूरजवळ माहुरझरी, टाकळघाट, खापा या ठिकाणी दगडांची वर्तुळे मांडलेली जुनी दफने आहेत. नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी १९६८ पासून तेथे उत्खनने केली. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांनी आपल्या माणसाजवळ लोखंडी हत्यारे, तांब्याची भांडी, घोड्याचे तांब्याचे अलंकार आणि लहान घंटाही ठेवल्या होत्या. तांब्याच्या काही झाकणांवर मुठीच्या जागी पक्षी बसविलेला आहे. नायकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. ज्या भांड्यातून माणूस जेवला ते त्याच्याबरोबर द्यावे, हा विचार आपणास परका नाही. दशक्रियेच्या वेळी आपणही भांडे देतोच की!

आणि आता ज्या हकीकतीसाठी हा इतिहास सांगत बसले ती सांगते. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास विदर्भावर वाकाटकांचे राज्य होते. राजा अकाली वारला, मुले लहान, म्हणून राणी प्रभावतीगुप्ता हिने कारभार हाती घेतला. तिची राजधानी रामटेकजवळचे नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन. तिने एक गाव दान दिले आणि ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरून दिले. त्या लेखात तिने आरंभी आपल्या माहेरची, म्हणजे गुप्तांची वंशावळ दिली आहे. मी चंद्रगुप्ताची कन्या, असे ती सांगते. गोत्रही माहेरचेच सांगते. पुढे हे पत्रे कोठे कोठे फिरले कोण जाणे. पण विसाव्या शतकाच्या आरंभी ते मिळाले ते पुण्यातील एका तांबटाच्या घराण्यात!

भगिनींनो, क्षणभर विचार करा. तांबटाच्या घरी जुने तांबे म्हणजे काय? उद्याच्या घागरीचा कच्चा माल. भट्टी शेजारी, हातोडी हाताशी, आणि लिपी वाचता येण्यासारखी नाही. तरीही त्या घराण्याने ते पत्रे वितळविले नाहीत. त्यामुळेच वाकाटकांचा काळ कोणता हे विद्वानांस नक्की करता आले. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथील तिचा दुसरा ताम्रपटही उपलब्ध आहे. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख एकत्र करून १९६३ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हे सर्व आहे. ज्या तांबटाने हातोडी आवरली, त्याने एका बाईचे नाव दीड हजार वर्षांनंतर आपल्या हाती दिले.

राणीचे नाव ताम्रपटावर; आपल्यासारख्यांचे गुंडावर. पण गोष्ट तीच आहे. जुन्या काळी बाईचे नाव कोठे लिहिले जात असे, ते पाहा. शेताच्या सातबाऱ्यावर नवऱ्याचे नाव, मग मुलाचे. घराच्या पाटीवर नवऱ्याचे. पत्रिकेतले माहेरचे नाव लग्नात बदललेले. आपल्या वऱ्हाड-मध्यप्रांतात जन्ममृत्यूची नोंद कोतवाल बुकात होत असे. तेथेही पुष्कळदा बापाचे नाव आणि पुढे ‘मुलगी’ एवढेच. मग बाईचे स्वतःचे नाव राहिले कोठे? आंदणाच्या भांड्यांवर! दुकानात भांडे पसंत झाले, की कासार विचारी, “नाव काय घालू?” आणि पोलादी टोचा घेऊन, बारीक हातोडीने टक् टक् करीत, एकेक ठिपका देत अक्षरे उठवी. गावातल्या पुष्कळ बायकांनी आपले नाव लिहिलेले प्रथम पाहिले ते असेच. वाचता येत नसले तरी बोटाने चाचपून ‘हे माझे’ म्हणत. पंगतीनंतर शेदीडशे गडव्यांतून आपला गडवा ओळखणे हा उपयोग होताच. पण तेवढाच नव्हे.

धर्मशास्त्राने याच वस्तूंना स्त्रीधन म्हटले आहे. विवाहाग्नीसमोर मिळालेले, सासरी जाताना मिळालेले, प्रीतीने दिलेले, भावाने, आईने, बापाने दिलेले, असे त्याचे सहा प्रकार मनुस्मृतीत आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाईस तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. त्याआधी शेतीवाडीवर हक्क सांगणे तिला कठीणच होते; गरसोळी, पाटल्या, गोठ, रुप्याचे कडे आणि नाव घातलेली भांडी एवढाच तिचा खरा ऐवज. म्हणून अडचणीच्या वेळी प्रथम मोडला जाई तोही हाच. मुलाची फी, बैलाची जोडी, आजारपण, सारे या ऐवजातून निभावले. आपल्यातील कित्येक घरे बायकांच्या मोडलेल्या पाटल्यांवर उभी आहेत, हे पुरुषांनीही विसरू नये.

या ऐवजावर आणि तो घडविणारांवर मोठा घाला आला तो १९६३ मध्ये. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले. संरक्षण निधीस बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. सरकारने साडेसहा टक्के व्याजाचे सुवर्णरोखेही काढले. पाठोपाठ १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचा हुकूम निघाला. चौदा कॅरटहून अधिक कसाचे दागिने नव्याने घडविण्यास बंदी झाली. चोरटे सोने थांबावे, परकीय चलन वाचावे, हा हेतू चांगला. परंतु चौदा कॅरटचे सोने आपल्या सोनारांच्या हातास आणि आपल्या बायकांच्या मनास मानवेना. देशभर लाखो सोनारांचे काम बसले. कित्येकांनी हत्यारे गुंडाळून ठेवून मोलमजुरी पत्करली, आणि काहींनी जीवही दिला. पुढे त्याच वर्षी जुने दागिने मोडून नवे करण्यास सवलत मिळाली. १९६६ मध्ये चौदा कॅरटची अट गेली. १९६८ मध्ये मात्र कायदा झाला, आणि तो रद्द व्हावयास १९९० साल उजाडले. आईच्या पाटल्या घडविणाऱ्या त्या सोनाराचा नातू या दिवसांतच खाणीवर कामास लागला. जंतर ओढणारे हात कोळशाच्या गाड्या ढकलू लागले. तो वेल त्याला येत होता की नाही, कोण जाणे. पुन्हा कोणी त्याला विचारले नाही.

भांड्यांवर आलेले संकट सरकारचे नव्हे. ते आपण आपल्या हाताने घरात आणले. आधी अ‍ॅल्युमिनियम आले. मद्रासेस १८९८ च्या सुमारास चॅटर्टन नावाच्या गृहस्थाने त्याची भांडी करावयास आरंभ केला होता. ती हलकी आणि स्वस्त, म्हणून गरिबांच्या घरी शिरली. मग स्टेनलेस स्टील आले आणि सर्वांनाच त्याने भुरळ घातली. मी स्टीलला दोष देत नाही. पितळेच्या भांड्यांचे काम ज्यांनी केले त्यांनाच ते ठाऊक. ताक ठेवले की कळकणार, आंबट शिजवले की कळकणार. म्हणून वर्षातून दोनदा कल्हईवाल्याची वाट पाहावयाची. तो नवसागराचा धूर काढीत, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवीत बसे आणि आपण पैशाची घासाघीस करीत उभ्या. त्यात आपले राजूर म्हणजे कोळशाचे आणि चुनाभट्ट्यांचे गाव. कोळशाच्या धुरातील गंधकाने पितळ आणि रुपे इतर गावांहून लवकर काळे पडते. दर आठवड्यास राख आणि चिंच घेऊन बोटांची सालपटे काढावयाची. स्टीलने बायकांचे किती तास वाचविले याचा हिशेब कोणी केलेला नाही. केला तर तो मोठा निघेल.

पण मोडीचा हिशेबही पाहावा. नवे भांडे घेताना धातूचा दर आणि घडणावळ असे दोन्ही पैसे आपण मोजतो. तेच भांडे मोडीत घालताना घट वजा करून धातूचे पैसे मिळतात. घडणावळीचे काही मिळत नाही. आणि नावाचे? ते तर कोणत्याच तराजूत बसत नाही.

आता माझी गोष्ट सांगते. आजवर ती घराबाहेर सांगितलेली नाही.

माझ्या जन्माआधी मला एक बहीण होती. तिच्या बारशाला आजीने पितळेचा गुंड दिला होता. त्याच्या खांद्यावर तिचे नाव, ‘आजीकडून’ आणि शके १८६६ अशी अक्षरे होती. बहीण चार वर्षांची होऊन देवीच्या साथीत गेली. तिचा फोटो नाही. शाळेत जाण्याइतकी ती झालीच नाही. १९६७ साली माझे लग्न झाले, तेव्हा आईने तो गुंड मला आंदणात दिला आणि एवढेच म्हणाली, “बहिणीचा आहे. पाणी भर त्यात.” दहा-अकरा वर्षे मी त्यात पाणी भरले. मग बूड झिजून गळू लागला. उचलून उचलून कंबर मोडे. शेजारणीच्या घरी स्टीलचा चकचकीत संसार आलेला. वणीस रंगनाथस्वामीच्या यात्रेत भांड्यांची दुकाने लागली होती, तेथे मी तो मोडीत घातला. दुकानदाराने काट्यावर टाकला, वजन सांगितले आणि मला सहा ताटे आणि एक डबा मिळाला. परत येताना मी आनंदात होते, हे कबूल केले पाहिजे.

पुढच्या दिवाळीस आई आली. पहाटे अभ्यंगासाठी उठली आणि म्हणाली, “गुंड कुठाय? त्यातच पाणी काढ.” मी खरे ते सांगितले. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती काही बोलली नाही. बादलीतले पाणी घेऊन तिने अंघोळ केली आणि पणत्या लावावयास गेली. पुढे ती बारा वर्षे जगली. पण गुंडाचे नाव तिने काढले नाही आणि बहिणीचेही नाही.

आई गेल्यावर मी ते नाव शोधावयास निघाले. जुन्या कोतवाल बुकातील उतारा मोठ्या खटपटीने मिळविला. त्यात वडिलांचे नाव होते आणि पुढे ‘मुलगी’. तेव्हा मला उमगले की, माझ्या बहिणीचे नाव साऱ्या जगात एकाच ठिकाणी लिहिलेले होते, आणि ते मी सहा ताटांसाठी वितळवून घेतले. त्या तांबटाच्या घराण्याने एका राणीचे पत्रे राखले. मला माझ्या सख्ख्या बहिणीचा गुंड राखता आला नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका म्हाताऱ्या कासाराकडे गेले. गुंडाचा आकार मी हातांनी दाखविला. खांदा असा, गळ्याखाली पाकळ्यांची ओळ. तो मोडीच्या ढिगाकडे गेला आणि त्याच घडणीचा एक जुना, बूड गेलेला गुंड काढून घेऊन आला. त्याने नवे बूड डाखले, चेपे काढले, उजळला. नाव घालावयास त्याच्या मुलाजवळ विजेचे यंत्र होते. मी म्हटले, “टोच्याने घालाल का?” त्याने चष्मा पुसला आणि टक् टक् सुरू केले. हा गुंड तो नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण नाव तेच आहे. तो गुंड मी आपल्या मंडळास दिला. नाव येथे छापीत नाही; ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी कपाटातील वरच्या फळीवर पाहावे आणि लग्नकार्यात तो पाण्याने भरावा.

शेवटी एक विनंती. जुनी भांडी कोणी मोडू नयेत, जुने दागिने कोणी आटवू नयेत, असे मी म्हणत नाही. गरज कोणास चुकलेली नाही. मात्र मोडीत घालण्यापूर्वी त्यावरची अक्षरे उतरून घ्यावीत. अक्षरे झिजलेली असली तर थोडी रांगोळी चोळावी. ठिपक्यांत पांढरी पूड बसून नाव वाचता येते. दागिना असेल तर घडण कशी होती, कोणी दिला, कोणत्या कारणाने मोडला, हेही लिहावे. यासाठी मंडळाने एक जाड वही ठेवावी आणि ती भांड्यांच्या कपाटातच असावी. चिटणीसबाईंची परवानगी गृहीत धरून पहिल्या पानावर मी एक नाव लिहून ठेवले आहे. खालच्या ओळी आपल्यासाठी मोकळ्या आहेत.

लेख लांबला, त्याबद्दल क्षमा असावी. मंडळाचा उत्कर्ष होवो आणि हे कपाट सदैव भरलेले राहो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.